काकूंनी सुट्टी घेतली की काय काय अडतं

रात्री पावणेनऊला ग्रुपवर मेसेज आला. ‘उद्या पाळणाघर बंद राहील. ह्यांच्या आईंना ॲडमिट केलंय.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी.

ग्रुपमध्ये आम्ही नऊ जणी. एकीने लगेच ‘काळजी घ्या काकू’ असं लिहिलं. ते टाइप करताना ती दुसऱ्या हाताने नवऱ्याला ‘उद्या तुझ्या मीटिंगा किती?’ असं खुणावत असणार, याची मला खात्री आहे, कारण मीही तेच करत होते. एकीचं हिंजवडीत सॉफ्टवेअरचं रिलीज, एकीच्या बँकेत महिनाअखेर, एक शिक्षिका आणि तिच्यामागे दहावीची पूर्वपरीक्षा. सव्वानऊपर्यंत एक आजी धायरीहून आणि दुसरी चिंचवडहून सकाळी निघायचं ठरलं, एकीने घरून काम मागून घेतलं, उरलेल्यांनी उद्याचं उद्या म्हणून कुकर लावला. ग्रुपचं नाव ‘काकू – सगळ्या आया’. त्यात बाबा एकही नाही. मुद्दाम वगळलेत असंही नाही, कुणाला आठवलेच नाहीत.

कर्वेनगरातल्या एका टू-बीएचकेतली एक बाई एका दिवसासाठी दवाखान्यात अडकली, की शहराच्या चार टोकांना नऊ टेबलं रिकामी पडतात किंवा पडायच्या बेतात येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हापासून ‘आता ऑफिसातच पाळणाघर, आयांची चिंता मिटली’ असे फॉरवर्ड फिरताहेत. चिंता मिटलेली दिसत नाही. पुण्यातल्या नोकरदार आया अजून काकूंकडेच का जातात, आणि तिथे गेल्यावर रात्री झोप का लागत नाही, हे जरा बैजवार पाहू.

आधी शब्द लावून घेऊ

मूल दिवसभर सांभाळणाऱ्या जागांची नावं लोक एकमेकांत मिसळतात. प्ले-ग्रुप म्हणजे दोन-तीन तासांची छोटी शाळा. नऊ तासांच्या नोकरीला तिचा उपयोग नाही. अंगणवाडी ही सरकारी योजना, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली, पोषण आणि पूर्वशिक्षणासाठी. तीही संध्याकाळपर्यंत चालत नाही. डे-केअर म्हटलं की बंगला भाड्याने घेतलेला, भिंतीवर जिराफ, फोनवर ॲप, आणि बऱ्याच ठिकाणी सातनंतर उशिराचे वेगळे पैसे. घरगुती पाळणाघर म्हणजे एखाद्या बाईने स्वतःच्या राहत्या घरात, मदतीला एक-दोन मावश्या घेऊन, पाच-दहा मुलं सांभाळणं. कायद्याच्या कागदांत पाळणाघराला ‘क्रेश’ म्हणतात. तो शब्द इथेच सोडून देऊ.

डे-केअर आणि काकू यांच्यातला फरक हॉटेल आणि खानावळीसारखा आहे. हॉटेलात मेनूकार्ड असतं, बिल असतं, तक्रार करायला मॅनेजर असतो. खानावळीत त्या दिवशी शिजेल ते. पण खानावळवाल्या मावशींना तुम्हाला वांगं चालत नाही हे पाठ असतं. मावशी आजारी पडल्या तर मात्र त्या दिवशी तुम्ही उपाशी.

आमच्या काकूंकडे दाराशी छोट्या चपलांची रांग असते, त्यातली निम्मी उलटसुलट पायांची. ओट्यावर स्टीलचे डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून पेनाने नाव. दुपारी दीडला पडदे ओढले जातात, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या अंथरल्या जातात, आणि काकू भिंतीला टेकून बसतात: एक हात एकाच्या पाठीवर, दुसरा दुसरीच्या, आणि पायाच्या अंगठ्यात पाळण्याची दोरी. तीन मुलं एका वेळी. हे दृश्य मी एकदाच पाहिलं, अर्ध्या दिवसाची सुट्टी पडली होती तेव्हा. मुलीला उचलायला गेले होते, तर काकूंनी डोळ्यांनीच दटावलं आणि मी वीस मिनिटं जिन्यात बसले.

आयांना विचारा, काकूंकडे का? ‘वातावरण घरगुती आहे’ हे उत्तर पहिल्यांदा येतं आणि ते फार खरं नसतं. खरं उत्तर दुसऱ्या चहानंतर येतं. चांदणी चौकात अडकले तरी काकूंना फोन केला की त्या म्हणतात, ‘ये गं सावकाश, खिचडी खातोय तो.’ नाक वाहत असलं तरी परत पाठवत नाहीत. पोळी दुधात कुस्करून देतात. मराठी बोलतात. घरापासून चालत सात मिनिटं आहे. आणि फी निम्मी आहे.

पण ऑफिसात पाळणाघर असायला हवं ना, कायद्याने?

हवं. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा २०१७ मध्ये दुरुस्त झाला. पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि जिथे ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. हे ५० म्हणजे सगळे कर्मचारी, पुरुष धरून. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा द्यायची, असंही त्यात आहे. याच तरतुदी आता त्या नव्या कामगार संहितांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. कायदा म्हणतो, ‘आईला’ चार वेळा जाता येईल. बाबाचं नाव त्या वाक्यात नाही. आमच्या ग्रुपसारखंच.

२६ आठवडे ऐकायला सहा महिने वाटतात. पण त्यातले आठ आठवडेपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. बीपी वाढलं, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आणि ते आठ आधीच वापरले गेले, तर नंतर उरतात १८. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचं. त्याची मान नुकती धरलेली, वरणाचं पाणीही सुरू झालेलं नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या, असं बाळाचे डॉक्टर सांगतात. मग ते दूध काढून, बाटलीवर तारीख घालून, काकूंच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी जातं.

बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन वेळा वेगळी सुट्टीही कायद्यात आहे. ही सुट्टी, त्या चार फेऱ्या, सगळं गृहीत धरतं की बाळ ऑफिसच्या आसपास आहे. आता कोथरूडहून हिंजवडीला जाणारी आई डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात दीड तास. पाच महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन कंपनीच्या बसमध्ये किंवा रिक्षात, रोज जाता-येता? पुण्याचं दुखणं हे की घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या. कायदा पाळणाघर कामाजवळ मागतो, बाळाला ते घराजवळ हवं असतं. वर तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घरून काम असेल, तर त्या दोन दिवसांत बाळाला पाळणाघरासाठी ऑफिसला नेणार का? दवाखान्यात, छोट्या सीए फर्ममध्ये, दुकानात, क्लासमध्ये काम करणाऱ्या बायकांना तर ५० चा आकडाच गाठता येत नाही.

काकूंचं गणित

आया आपापसात काकूंच्या फीबद्दल कुरकुरतात. मीही कुरकुरले आहे. मग एकदा काकूंनी वहीच दाखवली. त्यांचे आकडे सांगायचा मला हक्क नाही, म्हणून एक काल्पनिक पाळणाघर घेऊ.

समजा आठ मुलं, प्रत्येकी महिना ६,५०० रुपये. झाले ५२,०००. दोन मावश्या, प्रत्येकी ११,०००, म्हणजे २२,०००. दूध, फळं, डाळ-तांदूळ, गॅस ७,०००. वीज, फिनेल, धुणं, मोडलेली खेळणी ३,०००. उरले २०,०००. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे २७५ तास. तासाला पडले ७३ रुपये. आणि यात फ्लॅटचं भाडं धरलेलंच नाही. तो फ्लॅट भाड्याने दिला असता तर जे आले असते ते वजा करा, मग काकूंची कमाई शून्याच्या आसपास येते.

म्हणजे आपल्याला जी ‘परवडणारी’ फी वाटते, ती परवडते कारण एक बाई स्वतःच्या घराचं भाडं आणि श्रमाची बरीचशी किंमत सोडून देते. डे-केअरची फी दुप्पट का, याचं उत्तरही इथेच आहे. ते भाडं मोजतात.

हे कळल्यावर कुरकुर थांबली का? नाही. पण दिवाळीला साडी घेताना हात जरा सैल झाला.

‘मग तुझ्या पगारातून उरतं किती?’

हा प्रश्न सासरी, माहेरी, कधी लिफ्टमध्येही विचारला जातो. पाळणाघर, स्वयंपाकाची बाई, रिक्षा, सगळं तिच्या पगारातून वजा होतं आणि निकाल लागतो: ‘एवढ्यासाठी धावपळ कशाला?’ वजाबाकी बरोबर आहे, पण मांडलेली चुकीच्या जागी. मूल दोघांचं असेल तर पाळणाघराची फी घराच्या हप्त्यासारखी, दोघांच्या बेरजेतून जायला हवी. फ्लॅटचा हप्ता गेल्यावर ‘तुझ्या पगारातून उरतं किती’ असं नवऱ्याला कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट एसआयपीसारखी आहे. बाजार पडला म्हणून दोन-तीन वर्षं हप्ते थांबवले, तर फक्त त्या हप्त्यांचे पैसे वाचत नाहीत, पुढे त्यांच्यावर वाढणारी रक्कमही जाते. नोकरीचं तेच. थांबलेल्या तीन वर्षांत पगार जातो, पीएफ जातो, बढती जाते, आणि परतताना ‘गॅप का?’ या प्रश्नावर मान खाली जाते ती वेगळीच. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं, ते बायकांच्या कमाईच्या अशाच अभ्यासासाठी. स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी पहिल्या मुलानंतर रुंदावते, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडचं घरातलं चित्र २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आहे. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. मुलं-माणसं सांभाळण्याची मिनिटं याहून वेगळी, तीही बायकांची जास्त.

बाळाला कळतं का?

कळतं, पण आपल्याला वाटतं तसं नाही. चार-पाच महिन्यांचं बाळ काकूंकडे पहिल्या दिवशी हसत जातं, आणि आई रस्त्यात रडते. तेच दहा महिन्यांचं बाळ दारातच आईच्या ओढणीला लटकतं. मग आईला वाटतं, काकूंकडे काहीतरी झालंय.

बहुतेकदा झालेलं असतं ते बाळाच्या डोक्यात. आपण तोंडावर पदर घेऊन ‘कुकूऽऽक’ करतो तो खेळ आठवा. अगदी तान्ह्या बाळाच्या लेखी पदराआडचा चेहरा म्हणजे नसलेला चेहरा. आठव्या महिन्याच्या सुमारास त्याला उमगायला लागतं की चेहरा आहे, फक्त दिसत नाही. प्रगतीच आहे ही. पण तिचीच दुसरी बाजू अशी की ‘आई आहे, पण इथे नाही’ हेही आता कळतं. वेळेचं भान मात्र अजून नाही, त्यामुळे संध्याकाळ म्हणजे किती लांब हे कळत नाही. म्हणून रडारड. म्हणूनच पाळणाघर सुरू करायला सहावा महिना दहाव्यापेक्षा सोपा जातो. आणि म्हणूनच चोरून निघून जाऊ नये. ‘येते हं’ म्हणून, टाटा करून, त्याचं रडं झेलून निघावं. चोरून गेलं तर बाळ दिवसभर दाराकडे पाहत राहतं, असं काकू म्हणतात. त्यांनी वीसेक वर्षं दारं पाहिली आहेत.

आजारपणाचं थोडक्यात. पहिले सहा-आठ महिने सर्दी, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ यांची रांग लागते. मुलं एकमेकांची खेळणी चाटतात, दुसरं काय होणार. पुढे कमी होतं. पण ताप आलेलं मूल काकू ठेवून घेतात ही आपली सोय, बाकीच्या मुलांची नाही. हे मी स्वतः पॅरासिटामॉल पाजून मुलीला सोडून आलेली आई म्हणून लिहितेय.

कॅमेरा लावला की झालं?

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात सांभाळणाऱ्या बाईने दहा महिन्यांच्या मुलीला केलेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली. ती क्लिप ज्यांनी पाहिली त्या आयांना ती विसरता येत नाही. तेव्हापासून ‘कॅमेरा आहे का?’ हा पहिला प्रश्न झाला. पण नीट पाहा: तिथे कॅमेरा होता. कॅमेऱ्याने झालेलं दाखवलं, होणारं थांबवलं नाही. मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून किती वेळ पाहणार?

माझ्या मते त्याआधीचा प्रश्न असा: एका बाईमागे किती मुलं? आणि तान्ही किती? शॉर्टसर्किट होऊन धूर झाला, लिफ्ट बंद, तिसरा मजला. एक बाई दोन हातांत दोन तान्ही घेऊन उतरू शकते. तिसरं कोण घेणार? हा प्रश्न काकूंना विचारताना संकोच वाटतो. मी विचारला होता. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, ‘खालच्या मजल्यावर जोशीकाका असतात दुपारी.’ हेच खरं उत्तर होतं, आणि तेवढ्याने मी निर्धास्त झाले नाही.

घरगुती पाळणाघरात एक पहारा मात्र आपोआप असतो, जो मोठ्या जागी फाटकावरच अडतो. आमच्या नऊ जणी नऊ वेगळ्या वेळी येतात, आणि थेट स्वयंपाकघरापर्यंत येतात. शिक्षिका दीडला, बँकवाली साडेसहाला, रात्रपाळीची नर्स भलत्याच वेळी. कुणाचं डायपर कधीचं ओलं आहे, टीव्ही किती वेळ चालू आहे, मावशी कुणावर खेकसल्या, हे त्या नऊ जोड्या डोळ्यांतून सुटत नाही. ‘त्यापेक्षा घरीच बाई ठेवा’ म्हणणाऱ्यांना हे सुचत नाही. बंद दाराआड एक बाई आणि एक बाळ, मध्ये येणारं-जाणारं कुणी नाही. मला ती कल्पना जास्त घाबरवते. म्हणून पाळणाघर पाहायला गेलात तर ठरवून अकराला जाऊ नका. पावणेपाचला, न सांगता जा, मुलं नुकती उठलेली आणि सगळी एकदम रडत असतात तेव्हा. दारातच ‘आत्ता नको, उद्या या’ ऐकू आलं, तर उद्या जाऊ नका.

भिंतीवरचा कागद

काही ठिकाणी भिंतीवर शॉप ॲक्टचा कागद फ्रेम करून लावलेला असतो. तो पाहून हायसं वाटतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आता वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नुसती ऑनलाइन माहिती कळवायची असते. इथे धंदा चालतो, एवढंच तो कागद सांगतो. किराणा दुकानालाही तोच असतो. बाळांविषयी त्यात अवाक्षर नाही. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो, त्यामुळे शाळेला लागणारे नियम इथे येत नाहीत. मुलाला मारहाण किंवा दुर्लक्ष झालं तर २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७५ खाली शिक्षा आहे, मूल सांभाळायचं काम घेतलेल्या संस्थेतल्या माणसाला पाच वर्षांपर्यंत. पण ती घडून गेल्यावरची गोष्ट.

इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला सरकारी नोंदणी लागते, आणि साधारणपणे एका वेळी आठ वर्षांखालची सहाच मुलं चालतात, त्यात पाचखालची तीन आणि वर्षाखालचं एक. हा नियम इथे जसाच्या तसा आणला तर आमच्या काकू दुसऱ्या दिवशी बंद. वरचं गणित पुन्हा मांडा, पाचखालच्या तीन मुलांच्या फीतून एका मावशीचा पगार आणि खर्च गेला की काकूंच्या हाती फारसं काही उरत नाही. तरी नोंद हवी, असं माझं मत. वॉर्डात एक यादी, मावश्यांची पोलिस पडताळणी, आणि घशात शेंगदाणा अडकला तर काय करायचं याचं अर्ध्या दिवसाचं शिक्षण. एवढं काकूंनाही नको नसेल. त्यांना धास्ती इन्स्पेक्टरची नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीची आहे. ‘रहिवासी इमारतीत धंदा’ म्हणून दर सर्वसाधारण सभेला विषय निघतो, आणि तो काढणाऱ्यांपैकी एकाचा नातू काकूंकडेच लहानाचा मोठा झाला.

आजी आहे की घरी

आहे. तिला गुडघे आहेत, भिशी आहे, आणि चाळीस वर्षांनंतर पहिल्यांदा दुपारची झोप आहे. यापुढचा वाद प्रत्येक घरात आपापला.

मावशींचं मूल कुठे असतं?

हे उपशीर्षक मला आधी सुचलं नव्हतं. आमच्या पाळणाघरातल्या मावशी वारज्याहून येतात. एकदा बस चुकली म्हणून मी त्यांना गाडीवर सोडलं. वाटेत फोन वाजला. पलीकडून मुलीचा आवाज, ‘आई, बाळ्या भात खात नाही.’ मुलगी अकरा वर्षांची. शाळेतून आली की चार वर्षांच्या भावाला तीच बघते. मावशी दिवसभर नऊ मुलांना भात भरवून घरी चालल्या होत्या.

बांधकामाच्या साइटवरच्या मुलांसाठी पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस ही संस्था पाळणाघरं चालवते. केंद्राच्या मिशन शक्तीतल्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आहे. ही पाळणाघरं वस्ती-वस्तीत, संध्याकाळी सातपर्यंत उघडी राहिली, तर मावशींची मुलगी दुपारी अभ्यास करेल. काकूंची साखळी आज जिच्या खांद्यावर संपते, ती अकरा वर्षांची आहे.

काकूंची सासू चार दिवसांनी घरी आली. पाचव्या दिवशी आम्ही मुलं सोडायला गेलो तर काकूंनी दारातच जाहीर केलं, ‘दिवाळीनंतर तान्ही घेणार नाही. उचलायचं होत नाही आता.’ बँकवाली जागच्या जागी उभी राहिली. तिला तिसरा महिना होता. ऑफिसात अजून कुणाला माहीत नव्हतं. जागा धरून ठेवायची म्हणून काकूंना मात्र मागच्याच आठवड्यात सांगून झालं होतं.

काकूंनी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

‘बघू,’ त्या म्हणाल्या. ‘चालायला शिकवून आण.’